येते नाही, येतो म्हण

आमचा मुलगा बोलायला लागला तेव्हा कितीतरी महिने तो "मी येते" म्हणायचा. मी येते, मी खाते, मी पडते. साहजिकच होतं म्हणा, नवरा सकाळी साडेसातला आमच्या गोव्यातल्याच वेर्ण्याला कामावर जातो तो रात्री आठला उगवतो, आणि दिवसभर घरात मी (मी घरूनच अकाउंट्सची कामं करते), सासूबाई आणि धुण्याभांड्याला येणारी मावशी, म्हणजे त्या पोराच्या कानावर जेवढी क्रियापदं पडत होती ती सगळी 'ते'नं संपणारी. ऐकलं तसं बोलत होता बिचारा. व्याकरण चोख होतं त्याचं, फक्त ज्यांच्याकडून शिकला त्या सगळ्या बायका होत्या.

मग सगळे तुटून पडले. सासूबाई, शेजारच्या काकी, कोपऱ्यावरचा दुकानदार. "येते नाही रे बाबू, येतो म्हण. तूं चलो न्हय रे?" (चलो म्हणजे कोंकणीत मुलगा.) आणि वर हसायचं. रागावलं कोणीच नाही, आणि मला आता वाटतं की रागावले असते तर बरं झालं असतं, कारण दोन वर्षांचं पोर ओरडा खाऊन पाच मिनिटांत विसरतं, पण अख्खी खोली एकदम हसली की ते गप्प होतं, सगळ्यांची तोंडं बघतं आणि आपण नक्की काय बोललो ते मनात उलटसुलट करून पाहतं. मी पण हसले. मी पण म्हटलं, येतो म्हण. आता तो पाचाचा होत आलाय आणि कुठलं खेळणं कोणाचं ह्या बाबतीत त्याचे नियम कोर्टापेक्षा कडक झालेत, तेव्हा हे ह्याला शिकवलं कोणी असं शोधत मी मागे मागे गेले, तर पहिला धडा तोच सापडला. कुठलीही बाहुली किंवा गाडी हातात यायच्या आधीचा. क्रियापदाचा.

इंग्रजी बोलणाऱ्या पोराला ही भानगड नाही. आय कम म्हटलं की झालं. मराठीत 'येतो' का 'येते' हे ठरवल्याशिवाय माणसाला स्वतःबद्दल साधं वाक्य बोलता येत नाही. १९८२ साली काही संशोधकांनी हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या घरांतली लहान मुलं तपासली होती. हिब्रूत आपल्यासारखं पावलोपावली लिंग, फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' मिळून एकच शब्द, इंग्रजी मधेच कुठेतरी. आपण मुलगा की मुलगी हे हिब्रू मुलांना सगळ्यात आधी पक्कं झालेलं निघालं, आणि फिनिश मुलांना सगळ्यात उशिरा. मी हे वाचलं तेव्हा आमच्या दुकानदारालाच जाऊन सांगावंसं वाटलं.

आमच्याकडे तर आणखी गंमत. घरात मराठी, अंगणात कोंकणी. कोंकणीत 'हांव वतां' हे बाई पण म्हणते, बाप्या पण म्हणतो, तिथे काही भेद नाही. पण लहान मुलगी म्हणजे 'तें'. चक्क नपुंसकलिंग. तें आयलें, तें गेलें. पेडण्याला माझी आजी माझं लग्न ठरेपर्यंत मला 'तें'च म्हणायची आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही, उलट लाडाचं वाटायचं. पण आता बघा, मुलगा जन्मल्या दिवसापासून 'तो', मुलीला मात्र 'ती' व्हायला वीस-बावीस वर्षं थांबावं लागतं. आणि कॉलेजला पुण्यात होते तेव्हा माझी रूममेट कोल्हापूरची, ती बिनदिक्कत "मी जेवून येतो गं" म्हणायची, पहिला आठवडा मी हसले, मग सवय झाली, आणि सहा महिन्यांनी मीच एकदा घरी फोनवर "मी उद्या निघतो" म्हणाले तर बाबा पलीकडून म्हणाले, कोण बोलतंय?

तर भाषेचं हे असं. पण त्याच्याही आधी पेढे आलेच.

आपल्याकडे पोटातलं मूल काय आहे ते कळत नाही, १९९४चा कायदाच आहे, आणि तो का करावा लागला ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ती परदेशातली फुगे फोडून निळा-गुलाबी धूर काढायची हौस इथे नाही. बाळंतपणाच्या आधी आमच्या घरात जे कपडे आले ते सगळे पिवळे, पांढरे, पोपटी. माझ्या आईने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, त्यात तिची एक जांभळी साडी पण होती. नऊ महिने ते बाळ नुसतं बाळ होतं. मग ते जन्मलं आणि तासाभरात नवरा पेढे आणायला निघाला. मुलगी असती तर बर्फी. मी गंमत म्हणून म्हटलं, बर्फी आण ना, मला बर्फी आवडते, तर तो खरोखर गोंधळला, म्हणाला, अगं पण लोकांना वाटेल मुलगी झाली. म्हणजे गोड पदार्थाला पण लिंग. आणि दुसऱ्या दिवशीपासून भेटी यायला लागल्या त्या सगळ्या निळ्या, पिवळं कुठेतरी खालीच गेलं.

ह्या निळ्या-गुलाबीचं मला फार कौतुक वाटतं, कारण तो नियम अगदी अलीकडचा आहे. १९१८ सालच्या एका अमेरिकन कपड्यांच्या व्यापारी मासिकात नेमकं उलटं छापलंय, की गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. आपल्याकडे तर निळा हा कृष्णाचा रंग, आणि कृष्णाला आपण मोरपीस, पैंजण, कानात कुंडलं, डोळ्यात काजळ सगळं घालतो. गोकुळाष्टमीला सासूबाईंनी आमच्या सहा महिन्यांच्या बाबूला काजळ-पैंजण घालून फोटो काढला तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या कित्ती गोड. त्याच काकी दोन वर्षांनी त्याच्या पायातलं पैंजण बघून म्हणाल्या, अगो, काढ तें, चलयेवरी दिसता. म्हणजे मुलीसारखा दिसतो.

बाळाचं रडणं मी आता वेगळ्या कानाने ऐकते, ते एका जुन्या प्रयोगामुळे. १९७६ साली अमेरिकेत काँड्री आणि काँड्री ह्या दोघांनी लोकांना एका बाळाची फिल्म दाखवली. बाळासमोर तो स्प्रिंगवाला डबा, उघडला की टुणकन बाहुला बाहेर येतो तो, आणि बाळ रडतं. बाळ एकच, रडणं एकच. ज्यांना सांगितलं हा मुलगा आहे त्यांना ते चिडलेलं दिसलं, ज्यांना सांगितलं ही मुलगी आहे त्यांना घाबरलेलं. आता ह्यात काय मोठंसं असं वाटेल, पण चिडलेल्या बाळाला आणि घाबरलेल्या बाळाला आपण उचलतो ते वेगळं उचलतो ना! एकाला "काय रे, काय झालं तुला, मारायचं का त्याला?" आणि दुसरीला "नाही हं, नाही, मी आहे ना." असं दिवसातून वीस वेळा.

आमच्या नणंदेची मुलगी बाबूपेक्षा चार महिन्यांनी लहान. दोघं रांगत होती तेव्हाची गोष्ट, आमच्या घराला अंगणात उतरायला चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत, खडबडीत, गुडघे सोलवटणाऱ्या. मला चांगलं आठवतंय की बाबू पायरीकडे निघाला की मी लांबून बघत असायचे, जातोय का बघूया म्हणून, आणि ती निघाली की मी उठायचे. परक्याचं मूल म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगायचे. पण न्यूयॉर्कमध्ये २००० साली केलेल्या एका अभ्यासात अकरा महिन्यांच्या मुलांच्या आयांना विचारलं होतं की ही उतरती फळी किती कलती केली तरी तुमचं मूल रांगत खाली येईल. मुलांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलं उतरवून पाहिली तर फरक काहीच नाही, आणि त्या आया काही परक्या नव्हत्या, स्वतःच्याच मुलींबद्दल बोलत होत्या.

असो. खेळणी म्हणाल तर तिसरं वर्ष हे आमच्या घरातलं सुवर्णयुग होतं. माझे बाबा, म्हणजे बाबूचे आबा, पेडण्याहून येताना सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी खेळणी आणायचे. ती लाकडी फळं, केळ्यांचा घड, आणि भातुकली, पोळपाट-लाटणं, जातं, एवढुशा वाट्या, सगळं लाखेच्या रंगात, लाल पिवळं हिरवं. त्यात गुलाबी काही नव्हतं, ते प्लास्टिकबरोबर आलं. आईने जांभळ्या साडीच्या उरलेल्या तुकड्यांची एक चिंध्यांची बाहुली करून दिली, तिला हा बावली म्हणायचा, बावली हेच नाव. बावलीला सकाळी पेज भरवायची, दुपारी झोपवायचं, संध्याकाळी तिला पाठीवर बांधून पोदेर व्हायचं. पोदेर म्हणजे आमचा पाववाला, सायकलवर पाठीमागे मोठी टोपली आणि तो पोंक पोंक भोंपू. बाबू एका हाताने तोंडाचा भोंपू करून घरभर फिरायचा, पाठीवर बावली, टोपलीत लाकडी केळी, आणि उंडे संपले म्हणून आम्हाला सांगायचा. बोडगेश्वराच्या जत्रेत त्याने एका हातात ट्रॅक्टर आणि एका हातात प्लास्टिकचा मिक्सर धरून दोन्ही पाहिजेत म्हणून बसकण मारली, आणि आम्ही दोन्ही घेतले, कारण मागे गर्दी खूप होती. एवढंच कारण. लोकांना मी नंतर फार पुरोगामी कारणं सांगितली.

पण ह्याच काळात तो गुपचूप हिशोब मांडत होता हे मला उशिरा कळलं. एकदा दारात नुस्तेकान्न आली होती, तिने पाटी उतरली, बांगडे आणि थोडी सुंगटं होती, आणि मी भाव करत असताना ह्याने विचारलं, "बाबा मासे विकू शकतात?" मी म्हटलं हो, का नाही. तो म्हणाला, "नाही. बाबांकडे साडी नाही."

ती नुस्तेकान्न एवढी हसली की तिने दोन बांगडे वर टाकले. पण त्याच्या बाजूने विचार करा. गोव्यात त्याने आजवर जेवढे मासे विकताना बघितले ते बहुतेक बायकांनी. आणि मोटरसायकलवरचे ते पायलट, काळ्या-पिवळ्या गाडीवर माणसं नेणारे, ते सगळे पुरुष. होडी ओढणारे पुरुष, पाटी उचलणाऱ्या बायका. कोणी त्याला बसवून सांगितलं नाही, त्याने मोजलं. आणि मोजून कारण काढलं ते जे डोळ्यांना दिसतं तेच, साडी. सँड्रा बेम म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होती, तिचं म्हणणं हेच की मुलांच्या डोक्यात मुलग्यांचं आणि मुलींचं असे दोन कप्पे होतात आणि मग जगातली येईल ती वस्तू ती त्यात टाकत सुटतात. तिच्या स्वतःच्या लहान मुलाचा किस्सा भारी आहे. तो एक दिवस केसांना क्लिपा लावून शाळेत गेला, तर दुसरा एक मुलगा म्हणे तू मुलगी आहेस, क्लिपा मुली लावतात. हा म्हणे मी मुलगा आहे, शू करायची जागा बघ, आणि शेवटी वैतागून त्याने चड्डीच खाली केली. त्यावर तो दुसरा शांतपणे म्हणाला, ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा फक्त मुली लावतात.

म्हणजे मोठ्यांना वाटतं पोरं मूळ गोष्ट बघतात आणि मग कपडे. पोरं आधी कपडेच बघतात.

ह्याचा पुढचा अंक आमच्या पेडण्यात झाला. माझ्या माहेरच्या गावी देवळात जत्रेला दशावतार असतो, रात्रभर. आबा नातवाला खांद्यावर घेऊन नाटक सुरू व्हायच्या आधी मागे रंगपटात घेऊन गेले. तिथे प्रत्येकाची आपापली ट्रंक, आपापला आरसा, आणि एक स्त्रीपार्टी कलाकार नऊवारी नेसून, अर्धं तोंड रंगवून बिडी ओढत बसलेला. बाबूने बघितलं, बघत राहिला, मग आबांच्या कानात विचारलं, हा बाबा आहे का आई? आबा म्हणाले, आता बाप्या, थोड्या वेळाने राणी, पहाटे परत बाप्या. माझ्या मुलाला हे पूर्ण पटलं. त्याच्या दृष्टीने यात अडचणच नव्हती, साडी नेसली की बाई, सोडली की बाबा. लॉरेन्स कोलबर्गने १९६६ साली लिहून ठेवलंय ते हेच, की मुलाला आपण मुलगा की मुलगी हे दोन-तीन वर्षांत कळतं, पण कपडे बदलले, केस वाढवले तरी माणूस तोच राहतो हे कळायला पाच, सहा, कधी सात वर्षं लागतात. तोवर सगळं सैल असतं, कधीही सुटू शकतं, आणि मला वाटतं म्हणूनच ह्या वयात पोरं एवढी घट्ट धरून बसतात. साडी नसली तर बाबा मासे विकू शकत नाहीत, मग बावली घेतली तर माझं काय होईल!

आबांना हा विषय भलताच आवडतो. आमच्या फोंड्याजवळच्या मंगेशीचे दीनानाथ स्त्रीभूमिका करायचे, बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल खऱ्या बायका करायच्या, हे सगळं ते तासभर सांगू शकतात. म्हणजे आपल्याकडे पुरुषाने साडी नेसून रंगमंचावर यायला कोणाची ना नाही, लोक नारळ घेऊन पाया पडतात. ते आबाच, बाबू बावलीला पाठीवर बांधून त्यांच्याबरोबर बाजारात निघाला तेव्हा म्हणाले, ती घरी ठेव रे पुता, हरवेल. हरवेल म्हणाले. मी काही बोलले नाही.

मग जून आला आणि बालवाडी. पहिले दोन आठवडे रडण्यात गेले, तिसऱ्या आठवड्यात घरी येऊन त्याने बावलीला दोन बोटांनी उचललं, जसं मी झुरळ उचलते तसं, आणि पलंगाखाली टाकलं. "हें चलयांचें." हे मुलींचं. कोंकणीतून. आमच्या घरातला हा पहिला नियम जो आमच्या भाषेत आला नाही. आणि उच्चार पण पक्का, चल्यांचें म्हणजे मुलग्यांचं वेगळं, चलयांचें वेगळं, मधल्या अर्ध्या अक्षराचा फरक, मला स्वतःला तो नीट जमत नाही.

मला आधी शिक्षिकेचाच राग आला. उगाच. मी जाऊन विचारून आले, तिथे तसं काहीच नव्हतं, उलट खेळणी सगळ्यांना एकत्रच. मग डबा खायच्या वेळी पाच मिनिटं खिडकीशी उभी राहिले तर दिसलं. एका मुलाने गुलाबी डबा आणला होता, बहुतेक मोठ्या बहिणीचा, आणि बाजूचे तिघं त्याच्याकडे बघून हसत होते. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसतं हसणं, आणि ते पोर डबा मांडीखाली घालून खात होतं. त्या तिघांतला एक माझा होता. त्याचं हसणं मी ओळखलं, ते आमच्या घरातलं हसणं होतं, येते नाही येतो म्हण वालं.

नंतर मग दिसायलाच लागलं. चॉकलेटचं ते अंडं मिळतं ना, आत खेळणं असलेलं, त्यासाठी दुकानदार आधी विचारतो, चलो का चली, आणि मग निळं किंवा गुलाबी काढतो. वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट दोन ढिगांत, एका ढिगात गाड्या, दुसऱ्यात हेअरबँड. आमच्या घरी ह्याचा वाढदिवस झाला तेव्हा मी ठरवून सगळ्यांना रंगीत खडू दिले, तर एका आईने हळूच विचारलं, मुलींचं वेगळं आहे का? ती वाईट नाही हो, ती फक्त ओळीत उभी होती.

नवऱ्याचं मत वेगळं आहे आणि ते लिहिलं नाही तर तो मला जेवू देणार नाही. तो म्हणतो तुम्ही सगळं समाजावर ढकलता, काही गोष्टी मुळातच असतात. आणि तो अगदीच चूक नाही. जन्मतः एक विकार असतो ज्यात मुलींना पोटात असतानाच पुरुषी हार्मोन जास्त मिळतात, १९९२च्या एका अभ्यासात अशा मुली त्यांच्या नात्यातल्या इतर मुलींपेक्षा गाड्यांशी जास्त खेळल्या. मग नवऱ्याने मला माकडं ऐकवली. २००२ साली व्हर्व्हेट माकडांना खेळणी देऊन बघितली, नर चेंडू आणि पोलिसांच्या गाडीजवळ जास्त रमले, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या टोपाजवळ. इथे मी त्याला थांबवलं. टोप? माकडिणीला टोप कशाला, ती काय हुमण करणार आहे? तो लाल रंगाचा टोप तिला का आवडला ते तिचं तिला माहीत, पण 'हे बायकांचं खेळणं' अशी चिठ्ठी त्यावर माणसाने चिकटवलेली होती. ह्यावर आमचं भांडण दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः टोप घासले. माझं आता म्हणणं असं आहे की ओढा थोडा मुळातला असेलही, एखाद्याला चाकं जास्त आवडतील, पण मुळातलं असतं तर पलंगाखाली टाकायला लागलं नसतं. माझ्या मुलाला बावली आवडत होती. दोन वर्षं. मग तीन आठवड्यांत आवडेनाशी झाली ती हार्मोनमुळे नाही.

आणि मी कोण मोठी शहाणी. माझ्या लहानपणी गावात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर व्हायचा, अजून होतो, गोव्यात वाड्यावाड्यावर होतो. लाकडाचा सांगाडा, सुकं गवत, रद्दी, बाजारातून आणलेला मुखवटा, आणि रात्रभर मोठ्याने गाणी, पहाटे जाळायचा. तो मुलग्यांचा. वर्गणी मुलगे काढायचे, गवत मुलगे आणायचे. मी दहा वर्षांची असताना भावाच्या मागे लागून गेले, मला गोंद ढवळायला दिला, आणि नऊ वाजता "आता तू घरी जा, आईला फोवाला मदत कर." मी गेले. पोहे निवडत बसले आणि लांबून ढोल ऐकत होते. मी रडले नाही की भांडले नाही, मला ते तसंच असतं असं वाटलं, पाऊस पडतो तसं. माझ्या सासूबाई शाळेत होत्या तेव्हा गोव्याच्या मुख्यमंत्री बाई होत्या, शशिकलाताई काकोडकर, १९७३ पासून १९७९ पर्यंत. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला तेव्हा वाटलं नाही का की आपण पण काहीतरी व्हावं? त्या म्हणाल्या, वाटलं ना, मला मुख्यमंत्री व्हावंसं वाटायचं. पण नरकासुर करावासा कधी वाटला नाही, तो मुलांचा.

मी गेली दोन वर्षं बाबूला भाषणं देऊन पाहिली. खेळणी सगळ्यांची असतात, रंग सगळ्यांचे असतात. तो मान डोलावतो आणि विसरतो. भाषण त्याला व्याकरणाच्या पुस्तकासारखं, आणि पोरं व्याकरण पुस्तकातून थोडीच शिकतात. एकच गोष्ट लागू पडली ती अशी की एका रविवारी नवऱ्याने मासे साफ केले, नुस्तेकान्नीकडून घेऊन, अंगणात पाटावर बसून, आणि बाबू शेजारी उकिडवा बसून तास न् तास बघत होता. शेवटी म्हणाला, बाबा, तुझ्याकडे साडी नाही तरी येतं तुला. हा अपवाद त्याने मान्य केला. मुलांचे नियम पाच-सहाच्या वयात सगळ्यात कडक असतात आणि मग हळूहळू सैल पडतात असं हे अभ्यासवाले म्हणतात, मी त्याच आशेवर आहे, आणि नवऱ्याकडून दर रविवारी मासे साफ करून घेते.

ह्या दिवाळीला वाड्यावरच्या मुलांनी लहान पोरांसाठी वेगळा छोटा नरकासुर केला, बाबूची जुनी पँट, गवत, वर्तमानपत्रं, तीस रुपयांचा मुखवटा, जीभ बाहेर. बाबूने दोन दिवस त्याच्यात गवत भरलं, पोट सारखं करत होता. पहाटे जाळायच्या वेळी तो नरकासुर सापडेना. मोठ्याचं जाळून झालं, कारीट फोडून झालं, अभ्यंगस्नान झालं, आम्ही फोव वाढायला घेतले, दुधातले, ताकातले, रोसातले, तरी हा बाहेर येईना. मी आत बघायला गेले.

नरकासुर पलंगावर होता. अंगावर बावलीचं जांभळं दुपटं, जीभ दुपट्याबाहेर. उशाशी सावंतवाडीच्या वाट्या, त्यात गोड फोव, कधी नेले कोण जाणे. मला बघून बाबू आधी दचकला, मग छाती काढून म्हणाला, हा चलो आहे, हा चालतो. मी काही बोलले नाही, दारातच उभी राहिले. त्याने दुपटं नरकासुराच्या हनुवटीपर्यंत ओढलं, पोटावर थोपटलं आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाला, "मी येते हां बाळा, तू झोप."

माझ्या मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मिटलं. मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं ताकातले दे. दुधातले पचायचे नाहीत राक्षसाला."